आधी टेप, मग अर्ज, कुदळ सगळ्यात शेवटी

पश्चिम लंडनमध्ये नुकतंच घर घेतलेल्या एका ताईंचा प्रश्न आहे. १९३०च्या दशकातलं सेमी-डिटॅच्ड घर, पुढे छोटी बाग, पण समोरचा कर्ब, म्हणजे फूटपाथची दगडी कड, गाडी चढेल अशी उतरवलेली नाही. बिल्डर म्हणतो, आधी बाग काढून ब्लॉक पेव्हिंग करून टाकू, कर्बचं नंतर कौन्सिलला कळवलं की झालं. शेजारी दोन वर्षं रबरी रॅम्प ठेवून गाडी आत घेतोय, त्याला कुणी काही बोललेलं नाही. दारापासून फूटपाथपर्यंत ५.१ मीटर जागा आहे. समोर एक झाड आणि एक दिव्याचा खांब आहे. इलेक्ट्रिक गाडी घ्यायची आहे, आणि सासूबाई आता कायमच्या इथे राहायला आल्या आहेत, त्यांना गुडघ्यांमुळे लांब चालवत नाही. बागेच्या जागी गाडी लावायला कर्ब उतरवण्याची परवानगी मिळेल का, आणि खर्च किती?

मी १४ वर्षं इंग्लंडमधल्या कौन्सिलांच्या हायवेज विभागात (इथे हायवे म्हणजे कुठलाही सार्वजनिक रस्ता, फूटपाथ धरून) हेच अर्ज तपासायचं काम केलं. टेप आणि स्प्रे घेऊन घरोघरी जायचं, मोजायचं, हो की नाही ते लिहून द्यायचं. त्यामुळे पहिलं उत्तर लगेच देते: बिल्डरला आज फोन करा आणि काम थांबवा. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

थांबवा म्हणते त्याला कारण आहे. एका कुटुंबाने पुढची सगळी बाग काढून सुंदर करडं पेव्हिंग केलं होतं, भिंत पाडली होती, आणि मग अर्ज केला. मी टेप लावली तर जागा ४.४ मीटर भरली. आमचा निकष ४.८ मीटरचा होता. घरातले आजोबा माझ्यासाठी चहा घेऊन बाहेर उभे होते आणि मला त्यांना नाही म्हणावं लागलं. त्या पेव्हिंगवर आजही गाडी कायदेशीरपणे जाऊ शकत नाही. बिल्डरला त्याचे पैसे मिळाले, पण परवानगी आणणं ही त्याची जबाबदारी कधीच नव्हती. तुमच्या बिल्डरचीही नाही.

आता मूळ मुद्दा. आपल्याला वाटतं की हा आपल्या दाराचा, आपल्या अंगणाचा प्रश्न आहे. पुण्यात किंवा नाशकात बंगल्याच्या फाटकासमोर सिमेंटचा उतार करून घेताना आपण क्वचितच कुणाला विचारतो, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे. पण कौन्सिल तुमच्या अंगणाच्या आधी बघते मधल्या दोन मीटरच्या फूटपाथकडे. तो पायी चालणाऱ्यांचा आहे. तुम्ही मागताय ती त्यांच्या वाटेवरून गाडी नेण्याची मुभा. माझ्याकडे अर्ज आला की मी आधी समोरच्या बाजूला उभी राहून बघायचे: बाबागाडी ढकलणारी आई इथून जाईल तेव्हा तिला अंगणातून उलटी बाहेर येणारी गाडी दिसेल का? पांढरी काठी घेऊन चालणाऱ्याला मध्येच उतार लागला तर? गाडीचं नाक फूटपाथवर राहिलं तर व्हीलचेअर कुठून जाईल? तुम्हीही एकदा घरासमोर तसं उभं राहून बघा, निम्मी उत्तरं तिथेच मिळतील.

कायद्याने याचा आधार आहे १९८०चा हायवेज अ‍ॅक्ट, कलम १८४. फूटपाथचं नुकसान होऊ नये, आत-बाहेर ये-जा सुरक्षित व्हावी आणि रस्त्यावरची वाहतूक अडू नये, या गोष्टी लक्षात घेऊन हायवे अथॉरिटी परवानगी देते, बदल सुचवते किंवा नाकारते. लंडनमध्ये ही अथॉरिटी म्हणजे तुमचं बरो कौन्सिल, पण घर रेड रूटवर, म्हणजे लाल रेघा असलेल्या मुख्य रस्त्यावर असेल तर ट्रान्सपोर्ट फॉर लंडन. लंडनबाहेर जिथे काउंटी आणि डिस्ट्रिक्ट अशी दोन कौन्सिलं आहेत तिथे कर्बचा अर्ज काउंटीकडे जातो. मी लिहितेय ते इंग्लंडपुरतं. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे, तिथल्या वाचकांनी हे जसंच्या तसं घेऊ नये.

शेजाऱ्याबद्दलही सांगते. दोन वर्षं कुणी बोललं नाही म्हणून त्याला हक्क मिळाला, असं होत नाही. फूटपाथवरून गाडी चालवणं हा १८३५च्या हायवे अ‍ॅक्टच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, आणि ते कलम आजही लागू आहे. कौन्सिल नोटीस देऊन त्याच्या खर्चाने क्रॉसओव्हर, म्हणजे उतरवलेला कर्ब आणि गाडीसाठी मजबूत केलेला फूटपाथ, बांधू शकते किंवा वापर बंद करायला लावू शकते. मला मोठी काळजी वेगळीच वाटते. नुसता फूटपाथ माणसांच्या वजनासाठी बांधलेला असतो. खाली वरवरच टेलिफोनचे आणि केबलचे पाइप असतात, पाण्याचा स्टॉप टॅप असतो. दीड-दोन टनांची गाडी रोज तिथून गेली की फरशा हलतात, उचकटतात, आणि एका पावसाळी संध्याकाळी त्यात कुणाचा तरी पाय अडकतो. रबरी रॅम्पवरून सायकलवाला पडला तर तो रॅम्प कुणी ठेवला हे विचारलं जाणारच.

आता तुमच्या ५.१ मीटरकडे येऊ, कारण सगळं तिथे अडणार किंवा सुटणार आहे. गाडी उभी करायला लागणारी जागा बऱ्याच कौन्सिलांत २.४ मीटर रुंद आणि ४.८ मीटर खोल मागतात. काही ठिकाणी ५ मीटर किंवा त्याहून जास्त. तुमच्या बरोचा आकडा त्यांच्या क्रॉसओव्हरच्या धोरणात लिहिलेला असतो, तो पहिल्यांदा काढा. आणि तुमची गाडी छोटी आहे, ३.६ मीटरची आहे, हे सांगून उपयोग होत नाही. उद्या घर विकलं तर नवा मालक मोठी गाडी आणेल, म्हणून कौन्सिल गाडी नाही, जागा मोजते.

तुम्ही दारापासून मोजलंय. तिसाच्या दशकातल्या सेमीला बहुतेक वेळा बे विंडो (बाहेर आलेली मोठी खिडकी) असते, आणि ती भिंतीच्या साधारण ६० ते ७० सेंटिमीटर पुढे येते. इन्स्पेक्टर मोजतो तो सगळ्यात पुढे आलेल्या भागापासून फूटपाथच्या मागच्या कडेपर्यंत. म्हणजे बे समोरचा तुमचा आकडा ४.४-४.५च्या आसपास येईल, आणि तिथे गाडी मागितलीत तर नकार जवळजवळ ठरलेला. पण तुमची बाग घराइतकी रुंद आहे ना? बे विंडो सोडून उरलेली बाजू बघा. या घरांत पुष्कळदा दार बे विंडोला लागून असतं आणि त्यापलीकडे हॉलची छोटी खिडकी आणि बाजूची बोळ असते. बे विंडोची कड ते शेजाऱ्याची हद्द हे अंतर ३.५ मीटर किंवा जास्त असेल, तर त्यातला साधारण एक मीटर दारापर्यंतच्या पायवाटेला ठेवून २.४ मीटरचा आयत बोळीच्या बाजूला बसू शकतो, आणि तिथे खोली ५.१ची आहे. बसतो की नाही हे कागदावर ठरवू नका. जमिनीवर दोरी आणि चार खुंट्या घेऊन तो आयत प्रत्यक्ष आखा. मग सासूबाईंना काठी घेऊन फाटकापासून दारापर्यंत चालायला सांगा. गाडी उभी असताना त्यांना अंग चोरून जावं लागणार असेल, तर ज्या कारणासाठी हे सगळं करायचं तेच मागे पडलं.

हा आयत फूटपाथला काटकोनात हवा. तिरकी किंवा रस्त्याला समांतर गाडी लावू, असं बऱ्याच कौन्सिलांना चालत नाही, कारण मग आत वळताना आणि निघताना फूटपाथवरच पुढे-मागे करावं लागतं. घरात कायम राहणाऱ्या माणसाचं अपंगत्व असेल तर काही ठिकाणी निकष थोडे सैल करतात. सासूबाईंच्या डॉक्टरांचं पत्र असेल तर अर्जाला जोडा, पण त्यावर भिस्त ठेवू नका.

खांब आणि झाड या दोन अडचणी सारख्या दिसतात, पण त्यांचं वजन सारखं नाही.

खांब हलतो. तुमच्या पैशाने हलतो, त्याला विजेच्या जोडणीचं काम लागतं, आणि माझ्या पाहण्यात त्याचा खर्च अनेकदा क्रॉसओव्हरइतकाच झालेला आहे. म्हणून आधी तो खरंच वाटेत येतो का ते मोजा. त्यासाठी कर्बचे दगड मोजणं सोपं. एक दगड ९१५ मिलिमीटरचा, म्हणजे जुने तीन फूट. साधं क्रॉसओव्हर म्हणजे मध्ये तीन किंवा चार सपाट दगड आणि दोन्ही बाजूंना एकेक उतरता दगड. चार सपाट धरले तर सगळं मिळून सहा दगड, जवळजवळ साडेपाच मीटर. सपाट भाग रस्त्यापासून साधारण २५ मिलिमीटर वर राहतो, अगदी समपातळीत नाही. काठी टेकत जाणाऱ्या अंध माणसाला फूटपाथ कुठे संपला हे त्या छोट्या उंचवट्यावरून कळतं, आणि पावसाचं पाणीही फूटपाथवर चढत नाही. आता आयतासमोर हे पाच-सहा दगड धरा आणि खांब त्यात कुठे येतो बघा. उतरत्या दगडाच्या पलीकडे असेल तर बहुधा प्रश्न नाही. मध्येच असेल तर हलवण्याचं कोटेशन अर्जाबरोबरच मागा.

झाड मात्र हलत नाही, आणि निरोगी झाड पार्किंगसाठी तोडायला कौन्सिल जवळजवळ कधीच तयार होत नाही. बऱ्याच लंडन बरोंमध्ये कॅव्हॅट नावाच्या पद्धतीने रस्त्यावरच्या झाडाची किंमत पौंडांत काढतात, आणि लंडन प्लेन जातीच्या मोठ्या झाडाची किंमत हजारो पौंडांच्या घरात जाते. मी स्वतः या बाबतीत कौन्सिलच्या बाजूची आहे. रस्त्यावरच्या त्या सावलीने सगळ्या गल्लीचा उन्हाळा सुसह्य होतो. अडचण फक्त बुंध्याची नसते. क्रॉसओव्हरसाठी खाली खोल खणावं लागतं, आणि त्यात मुळं कापली गेली तर झाड दोन-तीन वर्षांत वाळतं. म्हणून बुंध्यापासून ठरावीक अंतर राखावं लागतं, ते झाडाच्या आकाराप्रमाणे बदलतं आणि झाडांचा अधिकारी येऊन ठरवतो. झाड तुमच्या बे विंडोच्या बाजूला असेल तर नशीब चांगलं, कारण क्रॉसओव्हर तसंही दुसऱ्या बाजूलाच करायचंय. ते बोळीच्या बाजूला असेल तर अर्जाची फी भरण्याआधी त्या अधिकाऱ्याला ईमेल करून विचारा. अर्जाची फी नकार आला तरी परत मिळत नाही.

आणखी एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही: घरासमोर रस्त्यावर परमिट पार्किंगचा बे, म्हणजे परवानाधारकांच्या गाड्यांची जागा, रंगवलेला आहे का? असेल तर तो बे लहान करायला ट्रॅफिक ऑर्डर बदलावी लागते, नोटीस काढून २१ दिवस हरकती मागवाव्या लागतात, आणि त्याचा खर्च वेगळा. यात महिने जातात. बऱ्याच बरोंचं म्हणणं असं की एका घराची सोय करताना सगळ्यांची एक जागा जाते, आणि जिथे पार्किंगचा ताण आहे तिथे ते सरळ नाकारतात. हे मला अन्याय्य वाटत नाही, पण आधी कळलं तर तुमचा वेळ वाचेल.

इथवर सगळं हायवेजबद्दल झालं. प्लॅनिंग हे वेगळं खातं आहे आणि त्याची परवानगीही वेगळी. एकाने हो म्हटलं म्हणजे दुसऱ्याने म्हटलं असं नाही, आणि या गोंधळात मी खूप लोक पडलेले पाहिले. साध्या गल्लीतल्या साध्या घराला नव्या प्रवेशासाठी सहसा प्लॅनिंगची परवानगी लागत नाही. रस्ता वर्गीकृत असेल, म्हणजे ए, बी किंवा सी, तर लागते. ए आणि बी पाट्यांवर दिसतात, सी मात्र पाट्यांवर नसतो, त्यामुळे शांत दिसणारा रस्ता सी निघतो आणि लोक चकित होतात. कौन्सिलला लेखी विचारून घ्या. फ्लॅट असेल, इमारत लिस्टेड (वारसा म्हणून संरक्षित) असेल किंवा तुमच्या भागाला आर्टिकल फोर, म्हणजे परवानगीशिवाय करता येणारे बदल बंद करणारा आदेश, लागू असेल तर चित्र बदलतं. कॉन्झर्व्हेशन एरियात पुढची भिंत पाडायलाही परवानगी लागू शकते. शिवाय घराच्या कागदपत्रांत कोव्हेनंट, म्हणजे मालकावर घातलेली एखादी अट, आहे का ते सॉलिसिटरला विचारा. आणि फूटपाथलगत हिरवळीची पट्टी असेल तर ती हायवेची आहे की दुसऱ्या कुणाच्या मालकीची, हेही. त्या अर्ध्या मीटरच्या गवताच्या मालकाने अडवलं तर कौन्सिलची परवानगी असूनही तुम्ही अडकता.

पेव्हिंगबद्दल बिल्डर एक गोष्ट बहुधा सांगणार नाही. १ ऑक्टोबर २००८पासून इंग्लंडमध्ये घरापुढे ५ चौरस मीटरपेक्षा जास्त जागा पक्की करायची तर ती पाणी मुरणारी हवी, किंवा पाणी तुमच्याच जमिनीत मुरेल अशी सोय हवी. नाहीतर प्लॅनिंगची परवानगी काढावी लागते. अंगणातलं पाणी फूटपाथवर सोडणं हायवेज अ‍ॅक्टलाही मंजूर नाही. त्यामुळे पाणी मुरणारे ब्लॉक घ्या, किंवा कडेला जाळीचं गटार करून ते आतल्या शोषखड्ड्याला जोडा. सुटी खडी टाकू नका, ती चाकांबरोबर फूटपाथवर येते आणि इन्स्पेक्टर ती बघतोच. फाटक करणार असाल तर ते आत उघडणारं हवं. पुढची भिंत किंवा हेज क्रॉसओव्हरच्या दोन्ही बाजूंना साधारण ६० सेंटिमीटरपेक्षा उंच ठेवू नका, म्हणजे मागे घेताना फूटपाथवरचं लहान मूल दिसतं. जमलं तर चाकांच्या दोन पट्ट्या पक्क्या करून मधली माती आणि कडेची झाडं राहू द्या. कृष्णतुळस इथे थंडीत टिकत नाही, पण लॅव्हेंडर छान टिकतं.

खर्चाचं एकच उत्तर नाही. फूटपाथची रुंदी, खालच्या वाहिन्या आणि कौन्सिलचे दर यांवर तो ठरतो. मी पाहिलेली साधी क्रॉसओव्हर दीड ते साडेतीन हजार पौंडांत झाली. टेलिफोनचं चेंबर किंवा गॅसचा पाइप खाली घ्यावा लागला तर आकडा दुप्पटही झालेला पाहिलाय, कारण ते काम ती-ती कंपनीच करते आणि बिल तुम्हाला येतं. फूटपाथवर छोटी लोखंडी झाकणं दिसत असतील तर त्यांचे फोटो अर्जाला जोडा. काम काही ठिकाणी कौन्सिलचाच कंत्राटदार करतो, काही ठिकाणी त्यांच्या यादीतला. तुमच्या बिल्डरकडे स्ट्रीट वर्क्सची पात्रता आणि मोठा पब्लिक लायबिलिटी विमा नसेल तर त्याने फूटपाथला हात लावू नये. आणि पैसे तुम्ही भरलेत तरी क्रॉसओव्हर तुमच्या मालकीचं होत नाही, ते हायवेचाच भाग राहतं.

क्रम असा ठेवा: धोरण वाचा, आयत आखा, झाड आणि पार्किंगच्या बेबद्दल ईमेलने विचारा, रस्त्याचा वर्ग लेखी घ्या, मग अर्ज. मंजुरी हातात आल्यावर कौन्सिलशी बोलून अंगणाचं काम कधी करायचं ते ठरवा, कारण काही कौन्सिलं अंगण तयार झाल्याशिवाय कर्ब उतरवत नाहीत.

शेजाऱ्याशी भांडू नका, उलट त्याच्याकडे जा. तुमचं क्रॉसओव्हर त्याच्या हद्दीलगत येणार असेल, तर दोघांनी मिळून अर्ज केल्यास मधले उतरते दगड वाचतात, खोदकाम एकदाच होतं, आणि त्याचा रॅम्पही जातो. जोडलेल्या क्रॉसओव्हरच्या एकूण रुंदीवर बऱ्याच ठिकाणी मर्यादा असते, तेवढी तपासा.

नकार आला तर कारणं लेखी मागा. प्लॅनिंगचा नकार असेल तर घरगुती अर्जांसाठी १२ आठवड्यांच्या आत प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेटकडे अपील करता येतं. कलम १८४च्या नकाराला तसं अपील नाही. कौन्सिलकडे पुनर्विचार, मग तक्रार, आणि शेवटी लोकल गव्हर्न्मेंट अँड सोशल केअर ओम्बड्समन, म्हणजे कौन्सिलांविरुद्धच्या तक्रारी बघणारा स्वतंत्र अधिकारी, पण तो प्रक्रिया नीट झाली का एवढंच बघतो, निर्णय बदलून देत नाही. म्हणून माझा भर अर्जाआधीच्या तयारीवर आहे. मोजमाप चुकलं म्हणून नकार आला असेल तर तक्रार करण्यापेक्षा नवा नकाशा काढून परत अर्ज केलेला बरा.

परवानगी नाहीच मिळाली तरी इलेक्ट्रिक गाडीसाठी वाट उरते. फूटपाथमध्ये केबलसाठी अरुंद खाच बसवण्याची सोय अनेक कौन्सिलं आता देतात. २०२५मध्ये सरकारने इंग्लंडमधल्या कौन्सिलांना त्यासाठी अडीच कोटी पौंड जाहीर केले. त्याने घरासमोरची जागा तुमची होत नाही, पण जागा मिळाली तर घरच्या दराने चार्जिंग होतं. आणि सासूबाईंना ब्लू बॅज (अपंगांसाठीचा पार्किंग परवाना) मिळत असेल तर रस्त्यावर अपंगांसाठीचा बे मागता येतो, त्याची चौकशी याच आठवड्यात करून ठेवा.

मंजुरी मिळून कर्ब उतरल्यावर समोर कुणी गाडी लावली तर लंडनमध्ये कौन्सिल दंड करू शकते, पण एका घरापुरत्या क्रॉसओव्हरवर साधारणपणे तुम्ही फोन केल्याशिवाय ते येत नाहीत. पांढरी एच आकाराची रेघ काढून घेता येते, ती फक्त सूचना असते.

बे विंडोच्या टोकापासूनचं अंतर, बे विंडोच्या कडेपासून शेजाऱ्याच्या हद्दीपर्यंतची रुंदी, आणि बोळीच्या कोपऱ्यापासून खांब कितव्या दगडावर आहे, हे तीन आकडे इथेच लिहा. मी आयत काढून सांगते.